ठोकून उघडायचं दार

१

बत्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात काढली, आणि 'नाहीसे झाले' या दोन शब्दांशी माझं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. माणसं आपोआप नाहीशी होत नाहीत. कुणीतरी त्यांना गाडीत घालतं, कुणीतरी कागदावर सही करतं, आणि कुणीतरी शेजारच्या खिडकीचा पडदा ओढून घेतं. त्यामुळे प्रांताच्या सांस्कृतिक खात्यातला एक तरुण अधिकारी आमच्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासाठी, फलकाचा मजकूर घेऊन आला आणि त्यातलं पहिलंच वाक्य 'कोलोनिया रेबेका येथील ज्यू समाज कालौघात नाहीसा झाला' असं निघालं, तेव्हा मी तो कागद त्याच्या हातात परत ठेवला.

"मी कोण आहे मग? फर्निचर?"

"सेन्योरा पेर्ला, तुम्ही तर पराना शहरात राहता."

"रेब नाउम इथे राहतात."

"एकटेच ना?"

"चार जण आहेत. तुमच्या खात्यात काम करणारे तितकेही नसतील."

त्याचं इतकंच म्हणणं होतं की जुलैच्या अखेरीला इमारत संग्रहालय म्हणून ताब्यात घ्यायची आहे, सोमवारी खिडक्यांच्या जुन्या काचा काढून नव्या जाड काचा बसवायच्या आहेत, आणि मजकूर त्याआधी हवा. मी म्हटलं, मजकूर मी लिहीन. कोलोनिया रेबेकातलं आईचं घर अजून विकलेलं नव्हतं. मी बॅग भरून आले आणि तिच्या स्वयंपाकघरात टाइपरायटर मांडला.

आल्या आल्या दुसरं काम गळ्यात पडलं. सिनेगॉगची किल्ली साठ वर्षं सांभाळणारे रेब नाउम पायरीवरून घसरले होते आणि पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीशी बसले होते. पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून रोज सकाळी दार उघडून तासभर हवा खेळू द्यायची असते. ते आता मी करायचं.

"किल्ली दोनदा फिरवायची," ते म्हणाले. "पण आधी तीनदा ठोकायचं. किल्लीने नाही, बोटांनी. मग म्हणायचं, 'मंडळी, चला आता विश्रांतीला.' आणि दहा श्वास थांबायचं."

"कुणाला सांगायचं हे?"

"आपण नसताना जे प्रार्थनेला येतात त्यांना. त्यांना मध्येच गाठू नये. तू कपडे बदलताना कुणी धाडकन दार उघडलं तर तुला चालेल?"

"माझ्या वयात कुणी उघडत नाही, रेब नाउम."

"म्हणून तू अशी फटकळ झालीस," ते म्हणाले आणि 'माते' या कडवट चहाचा शेवटचा घोट नळीने ओढला. "तीनदा. मला वचन दे."

मी वचन दिलं. दार ठोकण्याबद्दल माझं मत चांगलंच आहे. माझ्या भावाला न्यायला आले, त्यांनी ठोकलं नव्हतं.

२

पहिल्या सकाळी मी ठोकलं, ते वाक्य पुटपुटले, दहा श्वास मोजले आणि स्वतःलाच हसले. आत तेच होतं जे कायम होतं: प्रत्येकावर तिघं बसतील असे लाकडी बाक, मधोमध पोथी वाचायचा चौथरा, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर मेलेल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आणि प्रत्येकीशेजारी वाटाण्याएवढा दिवा. थंडी अशी की दात वाजावेत.

आणि काचा ओल्या होत्या. आतून.

मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. जुन्या इमारतीत ओल असायचीच. दुसऱ्या सकाळीही त्या ओल्या होत्या. तिसऱ्या सकाळी मला दिसलं की सगळी काच ओली नसते. डाग असतात. थाळीएवढे, गोलसर, कडेला विरळ होत गेलेले. बाकांची टोकं जिथे खिडक्यांना टेकतात तिथेच, आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मी बघत असतानाच ते कडेकडून सुकत गेले आणि काही मिनिटांत काच स्वच्छ झाली.

मी नगरपालिकेच्या गवंड्याला, ओकाम्पोला, बोलावलं. त्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, पत्रा पाहिला, जमिनीला तळवा लावला, रॉकेलच्या शेगडीत डोकावला.

"ही कधी पेटवली होती?"

"वीसएक वर्षं झाली असतील."

"भिंत कोरडी ठणठणीत आहे, सेन्योरा. छपरातून थेंब नाही. काच आतून ओली होते ती माणसांच्या श्वासाने." त्याने हात पँटला पुसले. "किती जण झोपतात इथे?"

"कुणीच नाही."

"मग कुणीतरी तुम्हाला भाडं न देता राहतंय," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सायकलवर बसला.

मी धंद्याने बातमीदार आहे. संध्याकाळी कुलूप लावल्यावर दाराच्या फटीवर सिगारेटचा पातळ कागद चिकटवला, मागच्या दारावरही. सकाळी दोन्ही कागद शाबूत होते. काचेवर डाग होते.

३

बायकांची बसायची जागा आमच्याकडे वर, लाकडी सज्जात. लहानपणी प्रत्येक शनिवार मी तिथे कठड्यावर हनुवटी टेकून काढला आहे. प्रार्थनेतलं मला काही कळत नसे, पण खाली कोण कुठे बसतं हे मला टोप्यांच्या मळकटपणावरूनही सांगता आलं असतं. माणसं जागा बदलत नसत. बापाची जागा मुलाला जाई.

चौथ्या सकाळी मी सज्जात चढले आणि खाली पाहिलं.

पहिल्या खिडकीशी अगदी खाली डाग होता. तिथे झेलिग लोहार बसायचा, त्याची बायको त्याला चिडून 'अर्धा झेलिग' म्हणायची. समोरच्या भिंतीच्या दुसऱ्या खिडकीवर मोठा, पसरट डाग. ते फ्रोइम, सहकारी संस्थेत उजेडासमोर धरून अंडी तपासायचे. त्यांना दमा होता, आणि ते प्रत्येक ओळीनंतर फुस्स करून श्वास सोडायचे. मागे शाळामास्तर बोरिस, त्यांचा डाग खिडकीच्या अगदी कडेला, कारण मास्तर प्रार्थना चालू असताना बाहेर बघायचे.

आणि डावीकडे तिसऱ्या खिडकीवर, मध्यम उंचीचा, नीटस डाग. ते माझे वडील. मोशे शुस्तेर. वारले त्याला पंचवीस वर्षं झाली.

मी सज्जात खाली बसले. मनात ठरावीक प्रश्न चालू होते: कोणी पाहिलं, कधी, दुसरा साक्षीदार आहे का. आणि त्या प्रश्नांच्या खाली एक वेगळीच गोष्ट होत होती, जी मला मान्य करायला लाज वाटली. मला त्या डागाला गाल लावावासा वाटत होता.

मग मी वडिलांच्या शेजारची जागा पाहिली. तिथे आब्राशा बसायचा, माझा धाकटा भाऊ. तो इतका उंच की सज्जातून त्याच्या मानेवरचा तीळही दिसायचा. मे १९७७मध्ये ला प्लाता शहरातल्या विद्यार्थ्यांच्या खोलीतून लष्करी राजवटीच्या माणसांनी त्याला नेलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. हाड नाही, तारीख नाही, कबर नाही. त्याच्या जागेला खिडकी लागून नव्हती, पण पुढच्या बाकाच्या पाठीवरचं चकचकीत पॉलिश त्याच्या तोंडासमोर येई. मास्तरांच्या शेजाऱ्याच्या पुढ्यातल्या पॉलिशवर मला वाफ दिसत होती. आब्राशाच्या पुढ्यातलं पॉलिश कोरडं, लखलखीत होतं.

दुसऱ्या दिवशी कोरडं. तिसऱ्या दिवशीही.

एकोणतीस वर्षांत इतकी आनंदाची बातमी मला कुणी दिली नव्हती.

४

"पाटीचं काय करायचं?" रेब नाउमनी विचारलं. मी त्यांच्यासाठी बटाट्याचं सारण भरलेली वरेनिकेस नेली होती आणि ते काट्याने उलटीपालटी करत होते. "यात कांदा कमी आहे. तुझी आई कांद्याला कंजुषी करायची नाही."

"कुठली पाटी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मोशेच्या शेजारची. कोरी. संग्रहालय झाल्यावर त्या भिंतीला कुणी हात लावू देणार नाही. नाव कोरायचं तर आत्ता, आणि नाव कोरायचं तर कद्दीश म्हणायची."

कद्दीश ही मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना. आमच्या घरात या विषयावर शेवटचं बोलणं एकोणऐंशी साली झालं होतं, आणि आईने सुपाची पळी भिंतीवर फेकली होती.

"ती प्रार्थना नाही, ती सही आहे," मी म्हटलं. "'मेला' म्हणून सही. सरकारने पाठवलेल्या कागदावर आईने मरेपर्यंत केली नाही. ज्यांनी त्याला नेलं त्यांनी सांगावं तो कुठे आहे. त्यांचं काम मी का करून देऊ?"

"ओरडू नकोस, माझा पाय मोडलाय, कान नाही." त्यांनी टेबलावरचं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर स्पॅनिश. "वाच. जिथे 'मेला' लिहिलंय तिथे बोट ठेव."

मंत्र्याचं निवेदन वाचावं तसं मी ते वाचलं, लबाडी शोधत. मग पुन्हा वाचलं. त्याचं नाव मोठं होवो, त्याचं राज्य येवो, शांती असो, जीवन असो. मरण नव्हतं. मेलेलं माणूस नव्हतं. एकदाही नाही.

"मग मेलेल्यांसाठी का म्हणतात?"

"मला काय माहीत? माझा बाप म्हणायचा." मग काटा खाली ठेवून म्हणाले, "काचा ओल्या असतात ना?"

मी त्यांना काचांबद्दल काही बोलले नव्हते.

"मोशेची?"

"ओली."

"आणि शेजारी?"

"कोरडं," मी म्हटलं. माझ्या आवाजात विजय होता, लपवता आला नाही. "रोज बघते. तो त्यांच्यात नाही, रेब नाउम."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मला आयुष्यात पुष्कळांनी रागाने पाहिलं आहे, एका कर्नलने तर पिस्तूल टेबलावर ठेवून. दयेने पाहिलेलं मला सोसत नाही.

"नसेल," ते म्हणाले. "किंवा त्याला अजून कुणी आत बोलावलेलं नाही."

५

शनिवारी सकाळी दहिवर गोठलं होतं. चुरमुऱ्यांवरून चालावं तसं गवत पायाखाली वाजत होतं. मी ठोकलं, वाक्य म्हटलं, थांबले, आत गेले आणि सरळ तिसऱ्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दोन दिवसांनी ही काच निघणार होती. ओकाम्पो ती हातगाडीवर टाकून नेणार होता. मी वडिलांच्या डागासमोर वाकले. काय करायचं होतं मला ठाऊक नाही. बहुधा फक्त जवळ जायचं होतं. मग स्वतःचाच राग आला. सत्तावन्न वर्षांची बाई काचेवरच्या ओलीकडे तोंड वेंगाडून बघते आहे. मी स्वेटरची बाही ओढली आणि काच पुसली. एकदा, जोरात.

डाग गेला नाही.

बाही ओली झाली होती. मी पुन्हा पुसलं. काच बोटाखाली किरकिरली, म्हणजे कोरडी होती. आणि तरी त्याच जागी, तसाच गोल, पांढरा डाग होता. मला समजायला वेळ लागला, कारण समजून घ्यायची इच्छा नव्हती.

तो डाग बाहेरून होता.

मी बाहेर गेले, भिंतीला वळसा घालून. तिथे वाट नाही, नुसतं गवत आणि कुंपणाची तार. पुढे नांगरलेलं शेत, त्यावर कुणी नाही. खिडकीवर बोट ठेवलं. बोट ओलं झालं. डागाच्या उंचीशी माझं तोंड येत नव्हतं. बाहेरची जमीन खोल आहे, मी टाचा उंचावूनही माझं कपाळ जेमतेम तिथे पोचत होतं. या बाजूने त्या काचेवर श्वास सोडायला माणूस फार उंच हवा. आणि उंच असूनही, आत बसलेल्याच्या तोंडासमोर नेमकं तोंड आणायचं म्हणजे त्याला बराच वेळ तिथे उभं राहून, जागा निरखून ठरवावं लागलं असणार.

मग मी खाली पाहिलं. सगळं गवत पांढरं होतं. खिडकीखाली मात्र दोन पावलांपुरतं ते हिरवं आणि ओलं होतं, जसं रात्रभर कुणी हललंच नाही तर राहील तसं.

मी मोठ्याने काही म्हटलं का, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी कोट काढला आणि त्या जागेवर कोट धरून उभी राहिले. कुणाला घालायचा होता, ते मी लिहिणार नाही.

एकोणतीस वर्षं मी त्याला जिवंत ठेवलं असं मला वाटत होतं. मी त्याला थंडीत उभं ठेवलं होतं.

६

"कद्दीशला दहा जण लागतात," रेब नाउम म्हणाले. त्यांनी मला ब्रँडी दिली होती आणि काही विचारलं नव्हतं. "गावात आम्ही चार. तुला धरून पाच."

"मला बाईला धरता?"

"आता मला कोण रागावणार? जे रागावले असते त्यांच्या पाट्या भिंतीवर आहेत."

मी दुपारभर फोन केले. फ्रोइमचा मुलगा ब्युनॉस आयर्सला असतो. त्याने विचारलं की संग्रहालयाच्या उद्घाटनाला आलं तर चालणार नाही का. झेलिग लोहाराचा नातू म्हणाला की तो या गोष्टी मानत नाही. मी म्हटलं, मीसुद्धा मानत नाही, गाढवा, गाडीत बस. त्याने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही पाचच होतो.

"सोमवारी काचा निघतात," मी म्हटलं. "उद्या एकच सकाळ आहे. दहा कुठून आणू?"

रेब नाउम किल्लीकडे बघत होते. ती आमच्या दोघांमध्ये टेबलावर पडली होती.

"आहेत की," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच रोज त्यांना घालवून द्यायला सांगतो."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. मी किल्ली उचलली.

"म्हणजे ठोकायचं नाही."

"मी साठ वर्षांत एकदाही न ठोकता उघडलेलं नाही, पेर्लिता. काय दिसतं मला माहीत नाही. ते रागावतील का, तेही माहीत नाही. मी जा म्हणत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर गेला असतात का?"

"माझी सगळी माणसं कबरीत आहेत," ते म्हणाले. "मला विचारू नकोस."

७

रविवारी ऊन वर आल्यावर मी गेले. अंधारात जायची मला गरज वाटली नाही; लपवण्यासारखं काही नव्हतं.

हात सवयीने वर गेला. मी तो खिशात घातला. किल्ली दोनदा फिरवली आणि दार उघडलं.

सभागृहात भाषण चालू असताना उशिरा शिरलं की जशी एक क्षणभर शांतता पडते, तशी शांतता होती. बाक रिकामे होते. मी ते पुन्हा सांगते, कारण मला हे विचारलं जाईल: बाक रिकामे होते. पण काचांवर डाग होते, आणि ते सुकत नव्हते. लहान होत होते आणि मोठे होत होते. सावकाश. सगळे एका तालात नाही, ज्याचा त्याचा वेगळा. फ्रोइमचा अडखळत.

परत फिरावं असं माझ्या पायांनी ठरवलं होतं. त्यांना थांबवायला मला दाराची चौकट धरावी लागली. मग मी दार पुरतं उघडं टाकलं, खाली दगड लावला, आणि बायकांनी कधी बसू नये अशा त्या तिसऱ्या बाकाशी जाऊन उभी राहिले. खिडकीच्या काचेवर आतून एक डाग हलत होता. बाहेरून एक डाग हलत होता. त्या दोन्हींमध्ये दोन मिलिमीटर काच.

"आब्राशा," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "आब्राशा, आत ये. गारठशील."

मला ती प्रार्थना पाठ नाही. मी रोमन लिपीत लिहून आणलेल्या कागदावरून वाचत होते, चुकत होते, मास्तर बोरिस असते तर त्यांनी डोक्यावर टपली मारली असती. 'आमेन' म्हणायची पहिली जागा आली. तिथे बाकीच्यांनी म्हणायचं असतं. मी थांबले. काही ऐकू आलं नाही.

पण सगळ्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या. दोन्ही भिंतींच्या, वरपासून खालपर्यंत, ज्यांच्याशी बाक नव्हते त्यासुद्धा. मग हळूहळू त्या पुन्हा उजळल्या, आणि मी पुढची ओळ वाचली.

शेवटपर्यंत तसंच झालं. मी वाचायची, थांबायची, आणि ऊन विझायचं आणि परत यायचं. शेवटच्या ओळीनंतर मी तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. बाहेरची बाजू स्वच्छ होती. पलीकडे शेत दिसत होतं, कुंपणाची तार, एक टिटवी.

मी बाकावर बसले, मधल्या जागेवर. मागे दाराशी जमिनीची फळी वाजली, मग एक मधली, मग जवळची. चाल ओळखीची होती का, असं मला कुणी विचारू नये.

बाकाचं लाकूड माझ्या उजवीकडे दबलं. जुनं लाकूड आहे, मोठ्या माणसाच्या वजनाने ते तसं दबतं.

मी आयुष्यभर लोकांना विचारत आले: तुम्ही स्वतः पाहिलंत का? आणि ज्यांनी नजर फिरवली त्यांच्याबद्दल कडवट लिहीत आले. त्याला कुणी नेलं, कुठे नेलं, हे मी अजून विचारणार आहे, आणि फलकावर कर्त्यांची नावं लिहिणार आहे, खात्यातल्या त्या मुलाला आवडो न आवडो.

पण मी मान वळवली नाही. मी वडिलांच्या बाजूला थोडी सरकले, आणि बसून राहिले.